राखून ठेवलेलं प्रकरण

५ जानेवारी, सकाळ
वाचनालयातून पुस्तक आणलं. आम्हा दोघांच्या आवडत्या लेखकाची पहिली कादंबरी. तेविसाव्या वर्षी लिहिली, ट्रंकेत पडून होती, ते गेल्यावर आता छापली. पंचवीसला महिला वाचक मंडळात मी यावर बोलणार. रोज वीस पानं. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. आता पुस्तक म्हणजे नुसतं पुस्तक.

६ जानेवारी
तीन पानं. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक.

८ जानेवारी, दुपार
चष्मा ठीक आहे. मला मनातल्या मनात वाचता येत नाही, एवढंच. चौथी पास मी. पुस्तकं वाचायला शिकले ती ह्यांना वाचून दाखवताना. सातपूरच्या कारखान्यातून फर्स्ट शिफ्ट करून यायचे, चहा घेऊन मेथी निवडत बसायचे. दर परिच्छेदाला ‘हं’ म्हणायचे. ‘हं’ आल्याशिवाय मी पुढे जायची नाही. आता हुंकार काय, कोणीही देईल.

९ जानेवारी
शेजारच्या सरुबाईंना बसवलं. दर ओळीला ‘हं’. इतक्यांदा नको म्हटलं तर म्हणाल्या, “लय हळू वाचती तू. त्या पोरीचं लगीन झालं का नाय, तेवढं सांग.” मग सिरीयल लागली म्हणून गेल्या. उद्यापासून सूनबाई.

११ जानेवारी
शुभांगी मोबाईल बघत बघत छान ‘हं’ म्हणते. मुद्दाम एक परिच्छेद दोनदा वाचला. दोन्ही वेळा ‘हं’. हे असते तर म्हणाले असते, “मागे गेलीस.” तिला सांगितलं, तू तुझी कामं कर, मला एकटीला जमतं.

१५ जानेवारी, दुपारी चार
जमतंय. काल-आज मिळून साठ पानं. लेखक कच्चा आहे, वाक्यं धडपडतात. म्हातारपणी काय लिहिणार हे त्याला ठाऊक नाही, आम्हाला ठाऊक आहे. गेलेला माणूस तरुण होऊन बोलतोय. परिच्छेद संपला की मी थांबते. थांबल्यावर पुढे जावंसं वाटतं. भास वगैरे काही नाही. मोरीतला पाईप वाजतो.

१९ जानेवारी
शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. राखून ठेवलंय. यानंतर लेखकाचं नवीन काही यायचं नाही, घाई कशाला? शुभांगी आमच्या ललितला, तिच्या नवऱ्याला, सांगत होती, आई ते पपांसाठी ठेवतायत. काहीतरीच.

२४ जानेवारी, संध्याकाळ
उद्या बोलायचं म्हणून उघडलं. प्रकरण दीड पानाचं. ‘गोपाळ उंबऱ्यापाशी आला आणि’ एवढ्यावर संपलं. खाली बारीक अक्षरात, हस्तलिखित इथेच थांबतं. प्रस्तावनेत हे आधीच दिलंय म्हणे. प्रस्तावना आम्ही कधी वाचली नाही. आधीच गोष्ट कळते, म्हणायचे हे.

शुभांगीने विचारलं, शेवट कसा आहे. चांगला आहे म्हटलं.

निफाडला आज सहा अंश. ती स्वेटर घालून बाहेर आली. “आई, एवढ्या थंडीत दार का उघडं टाकलंय?”

हवा येऊ दे जरा, म्हटलं.