सावकाश वाजवायचा रॅगटाइम

सर, तुम्हाला मराठीतला एकच शब्द येत होता, आणि तो तुम्ही अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरीच्या घरी, स्वयंपाकघरात उचललात. मला पियानो शिकवून झालं की आई तुमच्यापुढे पोहे ठेवायची आणि म्हणायची, “सावकाश होऊ द्या, सर.” पाहुणा खायला बसला की आम्ही म्हणतोच तसं. अर्थ समजल्यावर तुम्ही पोटभर हसलात. पुढच्या आठवड्यापासून मी रॅगटाइम, ते जुनं ठेकेदार अमेरिकन पियानो-संगीत, पळवायला लागले की खिडकीजवळच्या खुर्चीतून आरोळी यायची, “सावकाश!”

मी चिडायचे. डावा हात शहाण्यासारखा चाललाय, उजवा त्याला हुलकावण्या देतोय, अशा गमतीच्या संगीतात घोडं दामटलं तर बिघडलं कुठे? एकदा तुम्ही पियानोचं झाकणच लावलंत आणि हे संगीत घडवणाऱ्याची गोष्ट सांगितलीत. गुलामीतून सुटलेल्या बापाचा मुलगा, गुत्त्यांमध्ये पियानो वाजवून पोट भरायचा. त्यानं ऑपेरा लिहिला, तर तो रंगमंचावर आणायला कुणी तयार होईना. मेला तेव्हा थडग्यावर साधा दगड नाही. मान मिळाला, पण कितीतरी वर्षांनी. “पळवू नका, असं तो सांगत राहिला,” तुम्ही म्हणालात. “पळवलं की लोक फक्त नाचतात. त्याला वाटायचं, आमचं कुणीतरी बसून ऐकावं.”

परवा इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मी तेच वाजवायला बसले. कार्यक्रम लांबलेला, मागे बटाटेवडे गार होत होते. निवेदन करणारी मैत्रीण कानाशी लागली, “अगं यार, थोडं फास्ट घे ना, डिनर लेट होतंय!” पळवलं असतं तर सगळे खूश झाले असते, फक्त तुम्ही आणि तुमचा तो संगीतकार, दोघं नाही. मी सावकाशच सुरू केलं. थोडा वेळ खुर्च्या करकरल्या. मग पुढच्या रांगेतले एक काका मांडीवर ताल धरू लागले, ताटं लावणाऱ्या काकू हातातला डाव घेऊन तशाच उभ्या राहिल्या, आणि मध्येच कुणीतरी “वा!” म्हणालं. सर, लोक बसून ऐकत होते. इतकं सुख मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

तुम्ही तर आता या जगात नाही, हे पत्र टाकायचं कुठे? पियानोच्या स्टुलात राहील. पण एक सांगायलाच हवं. त्या “वा!”नं मी इतकी हरखले की शेवटच्या पानावर पळालेच. आणि पळताना कान तुमच्या त्या खिडकीजवळच्या खुर्चीकडे लावून बसले होते, आरोळी येईल म्हणून.