पुसदचं 'काहून'

प्रिय धम्मा,

तुझा निरोप फोनवर आला, उत्तर मात्र कागदावर लिहितो आहे. बोललो असतो तर आवाज चढला असता, आणि तुझ्यावर आवाज चढवायची मला सवय नाही.

तुझा व्हिडिओ आमच्या ओमने दाखवला. रॉक कॉन्सर्टच्या आपल्या त्या फिल्मची नवी, स्वच्छ केलेली डिस्क निघाली, तिच्याबद्दल तू बोललास. चांगलं बोललास. ड्रमवाल्याच्या कपाळावरचा घाम आता दिसतो म्हणालास. आपल्या कॅसेटमध्ये तो माणूस म्हणजे निळ्या धुक्यातले दोन हात होता. आमच्या व्हिडिओच्या दुकानात, मागच्या खोलीत, व्हीसीआरचं हेड पुसून पुसून आपण ती पाहायचो. गिटार रंगात आली की नेमके पट्टे यायचे आणि पियुष टीव्हीला चापट मारायचा, तीसुद्धा तालात. इथवर ऐकताना मी हसत होतो. बबितालाही हाक मारली, ये, आपल्या धम्माला पाहा.

मग तू माझं नाव घेतलंस. गायक माईक गर्दीकडे धरून 'कम ऑन' म्हणतो, ते पुसदच्या बाबुलालला 'काहून', म्हणजे आपलं वऱ्हाडी 'का', असं ऐकू यायचं आणि तो छातीवर हात मारून 'काहून, काहून' ओरडायचा, असं सांगितलंस. नक्कलही केलीस. समोरची माणसं लोटपोट हसली. बबिता चहा ठेवायला आत गेली. आता मोबाइलच्या दुकानात येणारी पोट्टी मला काहूनशेठ म्हणतात. "काहूनशेठ, कव्हर दाखवा ना." मी दाखवतो.

ते 'कम ऑन' आहे हे आपल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मारोतराव सर दुसरी कुठली कॅसेट परत करायला आले होते, तेव्हा दारातूनच म्हणाले होते, "अबे, कम ऑन म्हणते तो. चला म्हणते." तू तिथेच बसला होतास.

'काहून' कोणाचं होतं, हे तुला खरंच आठवत नाही? तुझी माय, इंदूबाई, गेल्या तो उन्हाळा. यवतमाळच्या दवाखान्यातून त्यांना आणलं तेव्हा तू रडला नाहीस. जलदान विधीलाही नाही. माझी याडी तुला आपल्या लेकासारखं जेवायला बसवायची आणि तू भाकरीचे तुकडे करत राहायचास. मग एका दुपारी फिल्म चालू होती, गायकाने माईक पुढे केला आणि तू उठून छातीवर हात मारत ओरडलास, "काहून? माह्यी मायच काहून?" टीव्हीतली गर्दी ओरडत होती म्हणून रस्त्यावर कोणाला ऐकू गेलं नाही. आम्हाला गेलं.

दुसऱ्या दिवशी ती जागा आली तशी तू मान खाली घातलीस. तेव्हा पियुष ओरडला, काहून. मग मी. तुला एकट्याला लाज वाटू नये एवढंच. त्यानंतर आपल्यात कोणी 'कम ऑन' म्हटलं नाही. याडीसुद्धा आतून विचारायची, "पोट्टेहो, झालं का तुमचं काहून?" आणि एके दिवशी तू हसलास.

लोक हसले याचं मला वाईट वाटलं नाही, धम्मा. ऐकणाऱ्याला हसूच येईल. पण त्यांना हसवायला तू तुझ्या मायसाठीचं रडणं माझ्या नावावर टाकलंस.

आता तू निरोप धाडतोस की फिल्मच्या चाहत्यांचा पुण्यात मेळावा आहे, मी ती कॅसेट घेऊन यावं आणि स्टेजवर एकदा तसं ओरडून दाखवावं. पियुष म्हणतो, "जाय ना बे, आन् खरं सांगून दे सगळ्यायले." ते माझ्याने होणार नाही. ते सांगायचा हक्क फक्त तुझा. पण मी येणार नाही आणि कॅसेटही देणार नाही. व्हीसीआर अजून चालतो. वाटलं तर तूच पुसदला ये. याडीला आता कमी ऐकू येतं, तरी तुझ्यासाठी भाकर टाकेल. मागच्या खोलीत फिल्म लावू. ती जागा आली की या वेळी पियुष आणि मी गप्प बसू. ते तुझं आहे, तूच परत घे.

अजून तरी तुझाच,
बाबुलाल