गाडीच्या मुठीवरचा रेस लॉक

सविता,

तुझी आई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवसापासून गाडी दारात उभीच आहे. आज तू ती सुप्याला कामावर नेशील, म्हणून लिहून ठेवतो. मी एसटीने कर्जतला तुझ्या मामाकडे गेलो आहे.

उजव्या मुठीला रिंग आहे, तो रेस लॉक. तो लावला की मूठ सोडली तरी रेस कमी होत नाही. दवाखान्यात नेताना आई एका बाजूला पाय सोडून बसायची आणि पेंगली की उजवीकडं मागं कलायची. म्हणून मी तो बसवला. रेस अडकवून उजव्या हातानं तिची पाठ धरायचो.

"एका हातानं गाडी हाकताय व्हय? दवाखान्याच्या आधीच वर धाडाल मला," म्हणायची. हात मात्र काढू द्यायची न्हाई.

रिंगेचा नट माझ्या हाताच्या जोरावर आवळलेला आहे. लॉक लागला तर मूठ तुला मागं फिरवता येणार नाही. तू त्याला हात लावू नकोस. निघण्याआधी इंजिन बंद ठेवून मूठ पिळ आणि सोड. आपसूक मागं आली तरच गाडी काढ, नाहीतर टेम्पोनं जा.

सकाळी रिंग काढायला पाना घेऊन बसलो होतो. काढायची राहिली.

तात्या