पुलापासून घरापर्यंत

कोल्हापूर, डिसेंबर १९१७

प्रिय अब्बा,

मलकापूरला सुखरूप पोचला असाल. बैलगाडीच्या हादऱ्यांनी गुडघा फार दुखला का? मी हे का विचारतेय ते एका दमात सांगता येणार नाही. सकाळपासून लिहायला बसतेय आणि उठतेय.

मास्तरांच्या परिषदेला तुम्ही येणार, हे मामूंना बाजारात कुणीतरी सांगितलं. गाड्या पंचगंगेच्या पुलापाशीच सोडतात, आणि मास्तरांची उतरायची सोय केलेलं बोर्डिंग तिथून लांब. वळकटी खांद्यावर टाकून तुम्ही चालत निघाला असता. म्हणून मी यांना भल्या सकाळी टांगा घेऊन पुलावर पाठवलं. नाव लिहिते, रागावू नका. "पावणं, बसा की," म्हणत ज्यानं तुमची वळकटी उचलली, तो सिकंदर. तुमचा जावई.

अम्मीच्या माघारी मी मामूंकडे वाढले, त्यांनीच माझं लग्न ठरवलं, आणि मास्तराची पोर टांगेवाल्याला दिली म्हणून तुम्ही निकाहाला आला नाहीत. यांचा चेहरा तुम्ही कधी पाहिलाच नव्हता. तरी मी यांना शपथ घातली होती, की ओळख द्यायची नाही. कळलं तर तुम्ही भर रस्त्यात उतराल आणि तसल्या गुडघ्यानं चालू लागाल, याचीच धास्ती.

ते दिवस माझे कसे गेले म्हणून सांगू! टापा वाजल्या की मी दाराशी. भाकरी तव्यावर करपायच्या. हे दुपारी घोड्याला पाणी दाखवायला आले, की मी विचारत सुटायची, जेवले का, खोकला आहे का, तोच काळा कोट आहे का. पहिला दिवस तुम्ही परिषद भरलेल्या थिएटरात बसून काढलात. दुसऱ्या दिवशी भाषण चालू असताना मधेच बाहेर आलात आणि टांगा घेऊन थांबलेल्या यांना म्हणालात, कुठंही घेऊन चल. रंकाळ्यावर नेलं तर पाण्याकडे पाहिलं नाहीत. भवानी मंडपापाशी खाली उतरला नाहीत. मग म्हणालात, पेठांतून घे, सावकाश घे. गुरुजींना शहर बघायचंय, असं यांना वाटलं. तुम्ही मात्र दारं बघत होता.

आमची गल्लीही आली. घोडा सवयीनं दाराकडे वळला, यांनी लगाम खेचला. मी दारावरच्या बांबूच्या चिकाच्या पडद्याआड उभी होते. हात बाहेर काढला असता तर तुमच्या बाहीला लागला असता. किती वाळलात, अब्बा. पदर दातांत धरून उभी राहिले, आणि टांगा पुढं गेला.

निघायच्या दिवशी पुलावर तुम्ही उतरलात, पण गाडीकडे गेला नाहीत. चाकावर हात ठेवून यांना विचारलंत, "गंगावेशीत कुणी सिकंदर टांगेवाला राहतो म्हणे. त्याचं घर माहीत आहे का तुला?" माझी शपथ होती. घोड्याकडे बघत हे म्हणाले, "न्हाय वो गुरुजी. ठावं न्हाय." तुम्ही नुसतं बरं म्हणालात आणि गेलात.

घरी येऊन यांनी घोडाही सोडला नाही, उंबऱ्यावर बसून राहिले. एवढंच म्हणाले, "तुझ्या बापाला मी आपल्या दारातनं परत लावलं." म्हणून हे पत्र. तुम्ही विचारलेल्याचं उत्तर यांना देता आलं नाही, ते मी देते. पूल ओलांडला की सरळ गंगावेशीत या. तालीम लागेल, तिच्या अंगानं डावीकडची गल्ली धरा. विहिरीच्या पुढं, दारात चिंचेचं झाड असलेलं घर आमचं. पण शोधत बसू नका. शपथ मी मागे घेतली आहे. येत्या शुक्रवारपासून हे रोज सकाळी पुलावर उभे राहणार आहेत. परिषद नसली तरी या.

तुमचीच,
मदिना