उकडीत साखर

बुधवार, सप्टेंबर १९९३. भाईंदर.

पूर्वी सुमती वाटाण्याचा भाव सांगायला लागली, तरी आधी भाजीवालीच्या सुनेचं बाळंतपण यायचं. मी वैतागायचो, अगं, मुद्द्यावर ये! हे उदासीचं दुखणं लागल्यापासून मुद्दाही येईनासा झालाय. बोलता बोलता थांबते, पुढचं सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात डोकं मंद चालतं, पण त्यांना सगळं येतंय. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, वाट बघा. मला तेच तर जमत नाही.

आज समोरच्या कोकिलाबेन मोदकाची उकड विचारायला आल्या. सुमती म्हणाली, "पहले पानी उबालने का, उसमें नमक, घी... फिर..." आणि थांबली. हातातला डाव तसाच हवेत. कोकिलाबेन माझ्याकडे बघायला लागल्या. मी ओठ घट्ट मिटले. डाव अजून हवेतच. शेवटी राहवलं नाही, बोलून गेलो, "फिर चीनी."

"अहो, उकडीत साखर कोण घालतं? तांदळाची पिठी घालायची, झाकण ठेवायचं, वाफ आली की मळायची. येत नाही तर मध्ये बोलता कशाला?"

एका दमात! आणि डाव थेट माझ्या नाकासमोर. कोकिलाबेन हसल्या, मग सुमतीही जराशी हसली.

डॉक्टरांचं ऐकायलाच हवं. पण उद्या भरली वांगी आहेत, आणि स्वयंपाकातलं मला काही म्हणजे काही कळत नाही. केवढी सोय!