गावभर ठाऊक असलेली गोष्ट

स्तुपिना,
२९ मार्च

लाडक्या ओतिलिया,

देव तुला आणि तुझ्या त्या ब्रेशियाच्या म्हाताऱ्या बाईंना बरं ठेवो. आम्ही दोघं ठीक आहोत. पेत्राके उद्या सकाळी पार्सलांची गाडी घेऊन इटलीला निघतोय, त्याच्याकडे तुझी पेटी देतोय. अक्रोड आहेत, सुकवलेला पुदिना आहे, आणि आलुबुखारचा मुरंबा. मुरंबा यंदा मी केला, म्हणून खाली लागलाय. शरद ऋतूत आईला सवड नव्हती. गोड मानून घे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू मागच्या वेळी विचारलंस. अगं, फोनवर बोलते तुझी आई. ती ‘थांब, बाबांना देते’ म्हणेपर्यंत तुझ्या बाईंची घंटी वाजते आणि माझ्या वाट्याला नुसतं ‘बरंय ना बाबा’ येतं.

गावात सध्या एकच विषय आहे, बायकांच्या तपासणीची गाडी. याशी शहराहून आली होती. बाहेरून मालट्रक आणि आत अख्खा दवाखाना. चर्चच्या पटांगणात उभी केली. गाडी आणि नर्सबाई शहरातल्या एका संस्थेच्या, वीज-पाणी पंचायतीचं, बसायला चर्चचा हॉल, आणि नावं लिहून घ्यायला आपल्या डॉक्टरीणबाई. सरपंचांनी शाळेची बस दिली आणि बसबरोबर मलाही देऊन टाकलं. वरच्या वाडीतल्या आणि ओढ्यापलीकडच्या बायकांना आणायचं आणि परत सोडायचं, हे माझं काम.

फुकट म्हटल्यावर आधी कुणाचा विश्वासच बसेना. कुणी म्हणे, आपल्यावर औषधं करून बघणार. कुणी म्हणे, निवडणूक आली वाटतं. पाद्री सिल्वेस्त्रुंनी दोन रविवार सांगून पाहिलं, तर बायका फरशीकडे बघत बसल्या. पाद्रीबाबांचेही कान लाल झाले होते बिचाऱ्यांचे. असल्या गोष्टी वेदीपुढे उभं राहून बोलायच्या म्हणजे काय! मग तिसऱ्या रविवारी तुझ्या आईनं दोन शब्द सांगितले आणि गाडं हललं.

हो, तुझी आईच. डॉक्टरांचं नाव काढलं की कोंबड्यांना दाणे टाकायला उठते ती. पंधरवडाभर घरोघर हिंडली. तुझ्या शाळेतल्या बाकावरच्या लिसावेताच्या घरी मी बरोबर होतो. तिचा नवरा दोरिनेल फाटक अडवून उभा.

“माझ्या बायकोला काही झालेलं नाही, आग्लायामावशी. ती कशाला येईल?”

“तुझ्या गाईला लस टोचायला जनावरांचा डॉक्टर येतो, तेव्हा गाईला काय झालेलं असतं रे?”

“गाईची गोष्ट वेगळी.”

“वेगळीच. गाय मेली तर तू रडशील.”

कुंपणापलीकडचे शेजारी हसायला लागले. दोरिनेल फाटकातून बाजूला झाला. आतून लिसावेता कमरेच्या फडक्याला हात पुसत म्हणाली, “मावशी, माझं नाव घाला.”

बसमध्ये तर धमाल. ओढ्यापलीकडची म्हातारी वार्वारा मागच्या सीटवरून ओरडून सांगत होती, “माझ्या नवऱ्यानं, देव त्याला शांती देवो, दिवा विझवल्याशिवाय कधी जवळ घेतलं नाही. आणि आता या वयात दिवा लावून बघणार म्हणे!” मी नजर रस्त्यावर ठेवली. मान वळवायची सोय नव्हती.

वार्वाराला वय जास्त म्हणून परत पाठवलं, तर ती रुसून बसली. बाकी पुष्कळ बायकांची तपासणी झाली. निकाल यायचे आहेत.

आई जरा वाळली आहे. ईस्टरआधीचे उपास चालू आहेत, दूध नाही, लोणी नाही, आणि त्यात ही वणवण. फोनचा कॅमेरा अजून बिघडलेलाच आहे, दुरुस्तीला टाकायला जमलं नाही. ईस्टरला यायची धडपड करू नकोस, तुझ्या बाईंना कोण बघणार, असं आईनं आवर्जून लिहायला सांगितलंय.

तिनं विचारलंय, तुला ते पायात गोळे येणं थांबलं का.

तुझा
बाबा


स्तुपिना,
२१ जून

ओतिलिया, माझ्या पोरी,

हे पत्र पेत्राके तुझ्या हातातच देईल. तुझ्या बाई झोपल्या असतील तेव्हा बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस.

पाऊस चांगला झालाय. मका गुडघ्याएवढा आलाय. घराच्या पुढच्या बाजूला चुना दिला. हे सगळं लिहून झालं की खरं लिहायचं, असं ठरवून बसलो होतो. ते लिहून झालं.

तुझ्या आईला कॅन्सर आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा. बापानं लेकीला लिहायची ही गोष्ट नव्हे, पण दुसरं कोण लिहिणार? मागच्या ऑक्टोबरात याशीला कळलं. तिला त्याच्या कितीतरी आधीपासून रक्त जात होतं. पाळी थांबून वर्षं झाली होती, तरी ती म्हणे, वयाचंच काहीतरी. मलाही सांगितलं नाही. धुणं वेगळं धुवायची. एक दिवस गोठ्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि तिथून थेट याशीला. तोवर ते मूत्राशयापर्यंत पोचलं होतं. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलंय म्हणाले. किरणांचे उपचार झाले. तुला सांगितलं होतं ना, आई दातांसाठी शहरात जाऊन येऊन आहे? ते दात नव्हते. कॅमेराही बिघडलेला नाही. ती तुला दिसायला नको म्हणून तिनं त्याच्यावर चिकटपट्टी लावली आहे.

आणि त्या रविवारचे ‘दोन शब्द’. ते मी तुला नीट सांगितले नाहीत.

प्रार्थना संपली होती. पाद्रीबाबांनी पुन्हा एकदा गाडीचं सांगितलं आणि पुन्हा कुणी हललं नाही. तेव्हा आई बायकांच्या बाजूनं उठली आणि पुढे जाऊन उभी राहिली. ठेवणीतला काळा रुमाल बांधला होता. मला वाटलं मेणबत्ती लावायला गेली. ती लोकांकडे वळली.

“मला तो आजार झालाय,” म्हणाली. “खालचा. जिथून तुम्ही सगळ्यांनी पोरं काढलीत, तिथला. मी लाजले आणि उशीर केला. लोक म्हणतात, तसल्या बायकांना होतो. मी कसली बाई आहे ते स्तुपिनाला ठाऊक आहे. एकाच पुरुषाबरोबर सगळा जन्म काढला. तो बघा तिथं उभा आहे.”

सगळं चर्च माझ्याकडे वळलं. ओतिलिया, मी मान खाली घालायला हवी होती की वर ठेवायला, मला कळेना. मी टोपी हातात चुरगाळत राहिलो.

“आता मला गाडीचा उपयोग नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला आहे. उद्यापासून मी दारोदार येणार. कुत्री बांधून ठेवा.”

एवढंच बोलली आणि जागेवर जाऊन बसली. बाहेर पडताना वार्वारा म्हातारीनं तिचा हात हातात घेतला आणि तो न सोडता घरापर्यंत चालत आली.

म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पेत्राकेला ठाऊक आहे. ब्रेशियात तू रविवारी ज्या आपल्या गावच्या बायकांना भेटतेस, त्यांनाही ठाऊक आहे. आईनं त्यांना फोन करून शपथ घातली आहे. फक्त तुला नाही. पेत्राके परवा म्हणाला, “तोआदेरकाका, आता मी तुमची पेटी नेणार नाही. ती विचारते, आई कशी आहे, आणि मी गाडीचं चाक तपासायला खाली वाकतो.”

तू विचारशील, मलाच का नाही. मीही तिला विचारलं. किती वेळा विचारलं. एकदा भांडलोसुद्धा. ती म्हणाली, “अरे तोआदेर, ती तिकडे आहे तोवर मी आजारी आहे. ती दारात दिसली की मला कळेल, मी चालले. मला अजून थोडं आजारी राहू दे.” मग मी तुझ्याशी खोटं बोलत राहिलो.

आता दुसरी गोष्ट. ती लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

गाडीचे निकाल मे महिन्यात आले. तिघींना याशीला बोलावलं. दोघींचं काही निघालं नाही. तिसरी लिसावेता. तिचं अगदी सुरुवातीचं होतं, आजार होण्याच्याही आधीचं म्हणतात. तिथल्या तिथे तेवढा भाग काढला, दुसऱ्या दिवशी घरी आली. बरी आहे. पोरांच्या मागे धावते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी काही वर्षं गेली असती तर तिचंही आग्लायासारखंच झालं असतं.

तेव्हापासून लिसावेता रोज येते. सूप आणते, आईची वेणी घालते, चादरी धुवायला नेते. आणि मला ती बघवत नाही. खरं सांगतो, पोरी. तिचे लाल गाल बघितले की मी उठून गोठ्यात जातो. एकदा ती फाटकाशी आली, हातात गरम भांडं, आणि मी कडी काढली नाही. म्हणालो, “ती झोपलीय. जा.” ती म्हणाली, “काका, मी बाहेर बसते.” मी म्हणालो, “बसू नकोस. तुझं घर तुला आहे ना अजून?”

ती रडत गेली. आत आलो तर आई जागी. सगळं ऐकलं होतं.

“तिच्यावर का चिडतोस?” म्हणाली. “तिचं बिघडलं असतं, तर माझं सुधारलं असतं का?”

“सुधारलं नसतं.”

“मग जा आणि तिला घेऊन ये. मला भूक लागलीय.”

भूक नव्हती. पंधरा दिवस झाले, तिला धड खाता येत नाही. पण मी गेलो. दोरिनेलच्या अंगणात उभा राहिलो. लिसावेतानंच भांडं पुन्हा गरम केलं आणि माझ्यापुढे चालू लागली. आईनं तिच्या हातून चार चमचे घेतले. नंतर उलटून पडलं, पण ती गेल्यावर. तेवढा वेळ आईनं कसा दम धरला, तिचं तिला माहीत.

काल डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. वेदना कमी करणारी औषधाची पट्टी बदलली. फाटकापर्यंत मी सोबत गेलो, तेव्हा म्हणाल्या, “मुलीला बोलवा. मका खुडायची वाट बघू नका.” मी विचारलं, म्हणजे कधी? त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि गेल्या.

याशीची गाडी सप्टेंबरात पुन्हा येणार आहे, या वेळी शेजारच्या दोन गावांसाठीही. सरपंच विचारायला आले होते, मी बस चालवीन का. त्यांच्यासमोर मला हो म्हणवेना. आईच आतून म्हणाली, “चालवेल तो. घरात बसून काय करणार आहे?” सरपंच मोठा धिप्पाड माणूस. अंगणात जाऊन पंपाखाली तोंड धुवून आले.

हे पत्र मी तिच्या नकळत लिहायला घेतलं होतं. शेडमध्ये बसणार होतो, पण ती एकटी राहिली की घाबरते, म्हणून तिच्या पलंगाशेजारीच बसलो. डोळा लागलाय असं वाटलं. आत्ता, वरची ओळ लिहीत असताना, ती म्हणाली, “कुणाला लिहितोस एवढं?”

मला खोटं सुचलं नाही. म्हणालो, “ओतिलियाला.”

ती खिडकीकडे बघत राहिली. मला वाटलं ओरडेल, निदान रडेल. तिनं फक्त विचारलं, “सगळं?”

“सगळं.”

तिनं चादरीची घडी बोटांनी सरळ केली. मग म्हणाली, “तिला लिही, आधी तिकडे स्वतःची तपासणी करून घे. माझी पोर आहे ती, मी काय घरोघर उगीच हिंडले? करून घेतली की मग यायचं.”

मी लिहिलं. तिनं वाचून दाखवायला सांगितलं. वाचलं. तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. मी लेखणी खाली ठेवणार, तेवढ्यात पुन्हा म्हणाली,

“आणि लिही, तपासणी मागाहून केली तरी चालेल. आधी ये म्हणावं.”

पेत्राके परतीला शनिवारी निघतो. तुझ्यासाठी पुढची सीट रिकामी ठेवायला त्याला सांगितलंय.

तुझी वाट बघणारी आई,
आणि
तुझा बाबा