चिंचेनं घासलेला दिवा

आत्याबाई,

तुमचा मोठा दिवा काचेच्या पेटीत ठेवलाय आणि त्याला हात लावायला मला मनाई आहे. तुमच्या सुनेला! पांढरे हातमोजे घातलेली एक पोरगी पेटीचं कुलूप तपासून गेली आणि जाताना म्हणाली, "आजी, हात लावू नका हं." त्या दिव्याला माझ्याइतका हात जगात कुणी लावला नसेल. नांदेडच्या या संग्रहालयात आज पाच वाजता तुमच्या दिव्यांचं प्रदर्शन उघडणार आहे, आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून प्रदर्शनाच्याच निमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला हे लिहितेय. मांडीवर आणखी एक कागद आहे, दिव्याशेजारी भिंतीवर लावायचा मजकूर. घरचं माणूस म्हणून तो वाचून चारपर्यंत मी 'बरोबर आहे' म्हणायचंय. त्यात लिहिलंय की लातूरचा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेरीसाठी केलेल्या या दिव्यापासून तुम्ही काळे दिवे सोडून लखलखीत दिव्यांकडे वळलात, आणि ते वळण तुम्ही पूर्ण विचारांती घेतलंत. सव्वातीन वाजलेत. पण ते वळण तुम्ही घेतलंच नव्हतं. ते मी घेतलं, पाव किलो चिंचेनं.

काळ्या दिव्यांचंही इथल्या लोकांना अर्धंच माहीत आहे. हैदराबादला शिकून तुम्ही काय आणलंत ते भिंतभर लिहिलंय, दुष्काळाबद्दल अवाक्षर नाही. मी लग्न होऊन आले ती दुष्काळातच. अहमदपूरहून माहेरची पितळी भांडी आरशासारखी घासून आणलेली, आणि लातूरला तुमच्या घरी प्यायच्या पाण्याचे वांधे, तिथे भांड्यांना कुठलं पाणी! महिन्याभरात माझ्या घागरी तपकिरी झाल्या, मग काळपट. मी रडकुंडीला आलेली, आणि तुम्ही त्यातली एक घागर खिडकीत ठेवून तिच्याकडे बघत बसलेल्या. "ह्ये बघ," म्हणालात, "आता हिचा आकार दिसायलाय. चमक व्हती तवर नुसती चमकच दिसायली व्हती." मला वाटलं, सासू मिळाली ती ही अशी. पुढे पाऊस झाला, घागरी पुन्हा उजळल्या, पण तुमचे दिवे काळेच राहिले. परसातल्या शेडमध्ये तुम्ही विजेच्या टांगत्या दिव्यांच्या छत्र्यांसाठी पितळेचा पत्रा ठोकायचात, आतून लख्ख ठेवायचात आणि बाहेरून तेलाचा नि धुराचा हात देत आठ-आठ दिवस काळा करायचात. शेजारणी मला विचारायच्या, "सून आसून दिवे घासत न्हाईस का गं?" मी काय सांगणार, कपाळ!

मग जिल्हा झाला. उस्मानाबादच्या खेपा संपल्या म्हणून लोक पेढे वाटत होते. कचेरीचं काम बघणारे मुंबईचे आर्किटेक्ट तुमचा दिवा बघायला घरी आले. शेडच्या आढ्याला तो टांगलेला, मोठ्या परातीएवढा, बाहेरून काळाकुट्ट. मी चहा घेऊन आले तर त्या भल्या माणसानं मलाच विचारलं, "तुम्हाला कसा वाटतो हा दिवा?" त्या घरात मला असं कुणी विचारायची ती पहिलीच वेळ. मी ट्रे खाली ठेवला, पदर सावरला, तोंड उघडलं, आणि तुम्ही म्हणालात, "तिला कामून विचारता सायेब? तिला काय कळतंय? घासण्यापुरतं कळतंय तिला." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी ट्रे उचलून आत गेले.

चार दिवसांनी तुम्ही दिव्याचं सामान आणायला नांदेडला गेलात. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत टांगायचा होता. घरात मी एकटी. चिंच भिजत घातली, मीठ घेतलं, चुलीतली राख घेतली, आणि दुपारभर तो दिवा घासला. खांदे भरून आले. तुमची आठ दिवसांची मेहनत काळं पाणी होऊन मोरीतून वाहत होती, आणि मला बरं वाटत होतं. संध्याकाळी तुम्ही पिशवी घेऊन दारात उभ्या. पुढे आलात, दिव्याच्या काठावरून बोट फिरवलंत आणि ते बोट जिभेला लावलंत.

"चिंच," तुम्ही म्हणालात. "कुणी घासला?"

"मी. उद्या शुभ काम, काळं कसं टांगावं? मला काय कळतंय, आत्याबाई? मला घासण्यापुरतंच कळतंय."

तुम्ही माझ्याकडे नुसत्या बघत राहिलात. पुन्हा काळा करायला आता वेळ नव्हता, हे तुम्हालाही दिसत होतं आणि मलाही. शेवटी म्हणालात, "जेवायला वाढ."

कचेरीत दिवा झळकला, लोक माना वर करून बघत राहिले, तुमचं नाव झालं. त्यानंतरचा दिवा तुम्ही ठोकून झाल्यावर माझ्यापुढे आणून ठेवलात आणि म्हणालात, "घे. घास." तेव्हापासून तुमचे हात थकेपर्यंत तुम्ही एकही दिवा काळा केला नाहीत, प्रत्येक मीच घासला. ती शिक्षा होती की मान होता? तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशीही मला आधी हेच आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

इथवर लिहिलं आणि उठले. प्रदर्शन मांडणाऱ्या बाईंना गाठलं नि म्हटलं, "हे खोटं आहे. दिवा त्यांनी उजळला नाही. मी घासला, त्यांना न विचारता." मला वाटलं, रागावतील. त्या तर टाळ्या वाजवायला लागल्या! दहा मिनिटांत नवा कागद छापून आणला. 'उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांच्या सुनेने पारंपरिक समजुतीपोटी, अजाणतेपणी हा दिवा घासला.' वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इतकी वर्षं 'मला काय कळतंय' म्हणत मी त्याच्याआड सुखानं लपले होते. आता तेच छापून भिंतीवर लावणार, आणि येणारा-जाणारा वाचणार.

"अजाणतेपणी खोडा," मी म्हटलं.

"मग काय लिहू, आजी?"

"नुसतं घासला लिहा. समजूतबिमजूतही नको."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, तुम्ही बघितलं होतंत तशाच. मग पेन काढून त्यांनी ते सगळे शब्द खोडले आणि कागद पुन्हा छापायला नेला. आता चार वाजून गेलेत. ही पत्रिका घरी नेऊन चिंचेच्या बरणीखाली ठेवीन, आणखी कुठे पाठवणार?

त्या आर्किटेक्टना मी काय सांगणार होते, ते तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत. दिवा बाहेरून काळा आहे म्हणून संध्याकाळी तो दिसेनासा होईल, आणि खाली अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा कागद तेवढा उजेडात राहील, एवढंच म्हणणार होते. मला कळत होतं, आत्याबाई. कळत होतं म्हणून तर घासला.